थाळी कशासाठी

कार्तिकातल्या त्या रविवारी झुंबरबाई साडेअकराच्या एस.टी.नं पारोळ्याजवळच्या आपल्या गावाहून धुळ्याला आली. तिच्या पिशवीत भरताची हिरवी वांगी होती, कळण्याचं, ज्वारी-उडदाचं पीठ होतं आणि जुन्या लुगड्यांची शिवलेली एक गोधडी होती. सुनंदा प्रसूतिगृहाच्या मागच्या खोलीत राहत असे. एक खाट, एक स्टोव्ह, आणि भिंतीतल्या फळीवर वाचनालयातून आणलेली पुस्तकं. आयाबाई सुंदरबाईनं दारातूनच वर्दी दिली, "सिस्टर, तुमच्या गावच्या सुईणबाई आल्यात."

"बरं," सुनंदा म्हणाली.

झुंबरबाईनं पायताणं बाहेर काढली आणि बोलतच आत आली. "किती वाळनी व तू! पुस्तकं वाची वाची पोट भरस का?"

"बस तू. मी स्टोव्हवर वांगी भाजते."

"त्या स्टोव्हवर? नको माय. भुसावळनं इंजिन शे ते." तिनं पदर खोचला, मागच्या अंगणात जाऊन कपाशीच्या चार काड्या गोळा केल्या आणि वांगी जाळावर टाकली. सुंदरबाईशी तिची लगेच गट्टी जमली. एकीनं मिरच्या कुटल्या, दुसरीनं भाकरी थापल्या, आणि दोघींनी मिळून धुळ्याच्या पाण्याला नावं ठेवली. जेवणं झाल्यावर झुंबरबाई निंबाखाली आडवी झाली. सुनंदानं उशाशी बसून वर्तमानपत्र वाचलं. पुढं पुष्कळ दिवस तिला त्या रविवारातली एकेक गोष्ट आठवत राहिली, आणि त्यात आठवण्यासारखं काहीच नव्हतं, हेच तिला खुपत राहिलं.

उठल्यावर झुंबरबाईनं चूळ भरली आणि जणू पावसापाण्याचं बोलावं तसं म्हणाली, "मंदानी पोर आते बसाले लागनी."

सुनंदानं वर्तमानपत्राची घडी केली.

"उजवा हात लटकस. कोपर वळत नही. मी दूरतून देखस, देवळाच्या पारवरतून. माले काय त्या जवळ करतीन?" तिनं हात पुसले. "तू मंदाले धुळाले बलाव. मोठा डॉक्टरले दखाड. मनं नाव जसं शे तसं राहू दे. पोरना हात तेवढा देख."

"बघू माय," सुनंदा म्हणाली. "डॉक्टरीणबाईंना आधी विचारावं लागेल."

सहा महिन्यांत हे "बघू" तिनं तिसऱ्यांदा म्हटलं होतं. झुंबरबाईनं पहिल्या दोन वेळांसारखीच मान हलवली. चारच्या गाडीत ती खिडकीशी बसली आणि गाडी हलता हलता ओरडून म्हणाली, "गोधडी उन्हात टाकजो, वास येस तिले!"

मंगळवारी सकाळी भाऊबंदकीतला उखर्डू प्रसूतिगृहाच्या पायरीवर टोपी हातात घेऊन उभा होता. सुनंदाला पाहून त्यानं मान खाली घातली. काल दिवेलागणीला झुंबरबाई ओट्यावर जोंधळे पाखडत बसली होती. सुपासकट पुढं वाकली, ती उठलीच नाही.

पारोळ्याच्या गाडीत सुनंदा डोळे कोरडे ठेवून बसली. उखर्डू तिला धीर देत होता. "अक्कानं जिवाला लावून घेतलं," तो म्हणाला, "त्या पोरीच्या हाताचं. चूक कोणाच्या हातून होत नाही?" सुनंदानं खिडकीबाहेर पाहिलं. वेचायला आलेल्या कपाशीची पांढरी रानं मागं जात होती. उखर्डूला वाटलं, ती रडू दाबते आहे. ती एक वाक्य दाबत होती, आणि ते सहा महिन्यांपासून दाबत होती.

गोष्ट आखाजीच्या, म्हणजे अक्षय्यतृतीयेच्या, दुसऱ्या दिवशीची. जीवराम पाटलाची सून मंदा भरल्या दिवसांची होती. गावातली अर्धीअधिक माणसं झुंबरबाईच्याच हातून जगात आलेली, पण मंदाच्या पोटावर हात फिरवून तिनंच सांगितलं, "पोर मोठं शे. हाई मना एकलीनं काम नही. धुळाले ल्ही जा. मनी सुनंदा शे तठे." मंदाची सासू वच्छलाबाई हिनं थोडी कुरकुर केली, पण झुंबरबाईनं लेकीचं नाव घेतलं ते असं, की पुढं बोलायला जागाच उरली नाही. नाशिकला तीन वर्षं शिकून आलेली, टोपी घालणारी, इंग्रजी वाचणारी लेक. संक्रांतीला नोकरीवर लागली होती. स्वतःला जे झेपणार नाही ते लेकीला झेपेल, यात झुंबरबाईला तिळमात्र शंका नव्हती.

डॉक्टरीणबाई त्या दिवशी जळगावला गेल्या होत्या. दुपारी दोनला मंदा अडली. डोकं बाहेर आलं आणि खांदे अडले. सुनंदा शिकली होती ते सगळं तिनं केलं. सुंदरबाईला मंदाचे पाय पोटाकडे दाबून धरायला लावले, कूस बदलून पाहिली. पोरीचं तोंड काळंनिळं पडत चाललं होतं. मग सुनंदानं डोकं धरलं आणि ओढलं. जरा जास्तच ओढलं. काहीतरी सुटल्यासारखं झालं आणि पोर बाहेर आली, मलूल, मग एकदम रडली. मंदा जगली, पोर जगली. भटूनं, मंदाच्या नवऱ्यानं, सुनंदाच्या पायांवर डोकं ठेवलं. इथवर त्यात लाजण्यासारखं काही नव्हतं. त्या पाच मिनिटांत धुळ्यातल्या कोणीही दुसरं काही केलं नसतं.

लाजण्यासारखं झालं ते दुसऱ्या दिवशी.

खानदेशात पोरगा झाला की थाळी वाजवतात. गल्लीला कळतं, पोरगा झाला. पोरगी झाली की थाळी गप्प. झुंबरबाई मात्र पोरीलाही थाळी वाजवायची. पोर पुसून, नाळ कापून, उघडीच सुपात ठेवायची आणि कानाशी थाळीवर पळीचा एकच ठोका मारायची. बाया हसायच्या. "काय व झुंबर अक्का, पोर शे, पोऱ्या नही!" त्यावर ती म्हणायची, "थाळीले काय समजस?" गावानं ती तिची एक तऱ्हा म्हणून सोडून दिली होती. शाळेत असताना सुनंदाला या तऱ्हेची लाज वाटायची. मुली तिला "टण्णबाईची पोर" म्हणत.

झुंबरबाई दुसऱ्या दिवशी दुपारी वॉर्डात आली, पहिल्यांदाच. मंदाच्या उशाशी जेवणाची जर्मनची थाळी पालथी ठेवलेली होती. तिनं बाळाचं घट्ट बांधलेलं बाळोतं सोडलं, पोरीला मोकळं खाटेवर उताणं निजवलं, थाळी उचलली आणि चमच्यानं एक ठोका मारला.

सारा वॉर्ड दचकला. पोरही दचकली.

"अहो सुईणबाई, पोर शे!" वच्छलाबाई हसत म्हणाली. "आमना घरमा पोरी काय कमी शेत का, वाजाडाले?"

झुंबरबाई हसली नाही. तिनं पोरीकडे टक लावून पाहिलं आणि पुन्हा एक ठोका मारला. त्याच वेळी डॉक्टरीणबाई दारात उभ्या राहिल्या. त्यांच्याबरोबर प्रसूतिगृहाच्या समितीवरच्या दोन बायका होत्या, इरकली लुगड्यातल्या, नाकाला रुमाल लावलेल्या.

"सिस्टर, हे काय चाललंय? कोण आहे ही बाई?"

सुनंदा ट्रे हातात घेऊन उभी होती. आईच्या पायांना वाटेची धूळ होती, पदर डोक्यावरून घसरला होता, हातात उष्टी थाळी होती.

"आमच्या गावची सुईण आहे, बाई," ती म्हणाली. "जुन्या वळणाची आहे. मी समजावते."

तिनं पुढं होऊन आईच्या हातातली थाळी काढून घेतली. झुंबरबाईनं ती सोडली. क्षणभर लेकीकडे पाहिलं, मग डॉक्टरीणबाईंना हात जोडून म्हणाली, "हो बाई. मी सुईणच शे." आणि बाहेर गेली.

जिन्याखाली सुनंदानं तिला गाठलं. रागानं तिचा आवाज चिरकत होता. "माय, इथं थाळ्या वाजवतात का? माझी इज्जत..."

"पोरना उजवा हात उठत नही," झुंबरबाई म्हणाली.

"काय?"

"दचकनी की पोर दोन्ही हात उघाडस. असे." तिनं स्वतःचे दोन्ही हात फाकवून दाखवले, कोणी मिठी मारायला बोलवावं तसे. "मग जवळ लेस. हिना डावा उठना. उजवा पडेल राह्यना. मी दोनदा देखं." मग ती म्हणाली, "तुले काय वाटनं, मी थाळी आनंदनी वाजाडस? पोरगा असो का पोरगी, मी हात देखस. बाळोतंमा बांधं की काही समजत नही."

सुनंदाला हे कधी माहीत नव्हतं. तिनं कधी विचारलंच नव्हतं.

"काही नाही झालं त्या हाताला," ती म्हणाली. "दोन दिवसांत हलेल. तू कोणाला काही सांगू नको. मी नवी आहे इथं. हे बाहेर पडलं तर माझी नोकरी जाईल. समजलं?"

"मी सांगाव नही," झुंबरबाई म्हणाली. "पण तो हात ओढू नको. झबलं घालतांना तोच हात पहिले घालजो. काढतांना मांगतून."

त्या संध्याकाळी सुनंदानं नाशिकचं जाडं इंग्रजी पुस्तक काढलं. नवजात बाळाच्या तपासणीचं प्रकरण. मोठा आवाज झाला की बाळ दोन्ही हात एकदम पसरतं. एक हात मागं राहिला तर त्या खांद्याच्या नसांना जन्मताना इजा झाली असावी, असं समजावं. त्या ओळीखाली पेन्सिलीची रेघ होती. रेघ तिचीच. परीक्षेसाठी तिनं ती ओढली होती, ओळ पाठ केली होती, तिच्यावर गुणही मिळवले होते. ती ओळ आपल्या आईच्या हातात जन्मभर वाजत होती, हे तिच्या डोक्यात कधी आलं नव्हतं.

दुसऱ्या सकाळी कोणी नसताना तिनं बाळोतं सोडलं. बोटं मूठ धरत होती. पण हात खांद्यापासून सरळ लोंबत होता, आत वळलेला, तळवा मागं फिरलेला. शंका घ्यायला जागा नव्हती. आजच बाईंना सांगायचं, असं तिनं ठरवलं. पण आज सांगायचं तर काल का नाही सांगितलं, हेही सांगायला हवं होतं. आणि काल ज्या बाईला आपण वॉर्डाबाहेर काढलं तिनं हे ओळखलं, हेही. आणि ती बाई कोण, हेही. त्या दिवशी तिनं सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी सांगणं दुप्पट जड झालं. डॉक्टरीणबाई रोज फेरीला येत, बांधलेल्या बाळाच्या गालाला बोट लावत आणि "छान" म्हणून पुढं जात. दहाव्या दिवशी मंदा घरी निघाली, तेव्हा बाळाला बाळोत्यात बांधलं ते सुनंदानंच, अगदी घट्ट.

पुढचं तिला आईकडूनच तुकड्यातुकड्यानं कळलं. झुंबरबाई आपण होऊन पाटलांच्या घरी गेली आणि म्हणाली, पोरीला न्हाऊमाखू मी घालते, सव्वा महिना. कोणी बोलावलं नव्हतं. रोज सकाळी ती जायची, तो हात आठ दिवस छातीशी फडक्यानं अलगद बांधून ठेवायची, मग तेलाचं बोट फिरवायची, कोपर हळूच वळवायची, खांदा उचलायची, ओढायची नाही. वच्छलाबाईला ती हाताच्या बाबतीत इतकी जपते आहे हे दिसायचं, पण कशासाठी ते झुंबरबाईनं सांगितलं नाही. लेकीला शब्द दिला होता.

सव्वा महिना झाला, वच्छलाबाईनं न्हाणं स्वतःकडे घेतलं. तिनं आपल्या रीतीनं पोरीचे हात छातीवर कैचीसारखे टाकले, ताणले, पाय कपाळाला लावले. श्रावणात पोर पाळण्यावरची चिमणी धरायला लागली, एकाच हातानं. तेव्हा कुठं घरात लक्ष गेलं. घरातल्यांनी आठवून पाहिलं, इतके दिवस पोरीचा हात कोणाच्या हातात होता, आणि उत्तर गावभर झालं. म्हातारीला दिसत नाही. म्हातारीनं हात उतरवला. म्हणून तर रोज फडक्यात बांधून लपवत होती. पोळ्यापर्यंत झुंबरबाईला बोलवणं बंद झालं. बाळंतिणी पारोळ्याला जाऊ लागल्या. एकदा विहिरीवर कोणी तिची घागर मागं सरकवली.

"तू काही बोलली नाहीस?" सुनंदानं विचारलं होतं.

"काय बोलू?" झुंबरबाई म्हणाली होती. "तू तुनं काम कर."

आणि सुनंदानं तिचं काम केलं होतं. त्या सहा महिन्यांत तिच्या हातून झालेल्या प्रत्येक बाळाला ती मोकळं निजवत असे आणि कानाशी टाळी वाजवत असे. डॉक्टरीणबाईंनी एकदा कौतुकानं म्हटलंही, सिस्टरची तपासणी पक्की असते.

तिसऱ्या दिवशी राख सावडून झाली. चुलतभाऊ चिंधानं सगळं केलं. घरात बाया भेटीला येऊ लागल्या. कोणी बोलता बोलता रडे, कोणी रडता रडता घरातल्या भांड्यांवर नजर फिरवी. सुनंदा भिंतीला टेकून बसली होती. शहरात राहून तिची बोली गेली होती. बायांशी ती शुद्ध बोले आणि बाया तिच्याशी सरकारी बाईशी बोलावं तसं जपून बोलत.

दुपारी वच्छलाबाई आली, मागं मंदा, कडेवर पोर. वच्छलाबाई आल्याबरोबर बाकीच्या बाया गप्प झाल्या. गावाला माहीत होतं, झुंबरबाईचं दार तिनं चार महिन्यांत ओलांडलं नव्हतं. ती सुनंदाजवळ बसली, तिच्या पाठीवरून हात फिरवला, आणि तिला खरंच रडू आलं.

"तिच्याच हातून आमचा भटू झाला," ती म्हणाली. "मी काय विसरले? वय झालं, नजर गेली, हात चुकला. मेलेल्या माणसाशी वैर नाही. सुनंदा, आम्ही तिला माफ केलं. तू मनाला लावून घेऊ नको."

"अक्कानं तरी काय मुद्दाम केलं?" कोणी कोपऱ्यातून म्हणालं.

"ते खरं, ते खरं," चारजणी म्हणाल्या.

सगळ्या सुनंदाकडे पाहत होत्या. आता तिनं मान हलवायची, वच्छलाबाईच्या खांद्यावर डोकं टेकायचं आणि रडायचं, एवढंच उरलं होतं. तसं केलं असतं तर कोणाचंच काही बिघडलं नसतं. आई माफ होऊन गेली असती. नोकरी राहिली असती. मंदाच्या मांडीवर पोर डाव्या हातानं आईच्या गळ्यातले मणी ओढत होती; उजवा हात बाजूला पडला होता, तळवा मागं.

"वच्छलाकाकू," सुनंदा म्हणाली, "माफी नका करू. ज्या गोष्टीची माफी करताय ती तिनं केलेली नाही. बाळंतपणाच्या वेळी खांदा अडला असताना नसांना इजा झाली, आणि..."

बायांनी एकमेकींकडे पाहिलं. शिकलेली लेक आईची बाजू घेते, पुस्तकातलं काही सांगते, असं त्यांच्या तोंडावर दिसत होतं. वच्छलाबाईनं समजुतीनं मान डोलावली. "हो बाई, हो. पाणी पी तू जरा."

सुनंदा सरकून मंदाच्या समोर बसली. पोरीचा उजवा हात तिनं आपल्या तळव्यावर घेतला, वजन नसल्यासारखा, न ओढता.

"मंदा, मनाकडे देख," ती म्हणाली. कित्येक वर्षांत ती गावात पहिल्यांदा असं बोलत होती, आणि तिचा आवाज लहान मुलीसारखा फुटत होता. "तुनी पोरना हात मनी मायनी मोडा नही. मना हातथून व्हयनं, धुळाले, ती बाहेर येत व्हती तव्हय. मायनी दुसराच दिन वळखं. थाळी वाजाडी, ती त्याच्यासाठी. मी तिले गप कयं. मनी नोकरी जाई म्हनीन. ती तुमना घर येत व्हती ती हात सुधाराले येत व्हती, आन् तुम्ही तिले बोलनात, तरी ती मनं नाव सांगत नव्हती. माले बठ्ठं माहीत व्हतं. डॉक्टरीणबाईनी इचारं, हाई कोन शे, तर मी सांगं, गावनी सुईण शे. माय शे मनी, असं मी सांगं नही."